सात जणींनी न केलेली सही

“बरं झालं बाई, कपाळ रिकामं होतं म्हणून वाचले. नाय तर मी बी अडकले असते.”

ठाण्याच्या पायरीवर बसलेली एक बाई शेजारणीच्या कानाशी हे म्हणाली आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी आत जाता जाता ते ऐकले आणि कामाच्या गडबडीत सोडून दिले. त्याच वेळी थांबून विचारले असते, तर एका निरपराध बाईला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसावे लागले नसते. म्हणून ते वाक्य अजून विसरता येत नाही.

मी आता खात्यात नाही. निवृत्तीचे वय झाले म्हणून नव्हे, राजीनामा दिला म्हणून. का दिला, ते इथे लिहिणार नाही. तेव्हा मी परिविक्षाधीन उपनिरीक्षक होते, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ठाण्यात. घर उस्मानपुऱ्यात, शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव अबोल. आमच्या महिला हवालदार म्हणायच्या, “मॅडम, तुमी लिवता लई बेस. पण बोलत काऊन नाय? आरोपी बोलंना तर समजू शकतं, इथं पोलीसच बोलंना!”

गुन्हा कागदावर साधा होता. गाड्यांचे सुटे भाग पॅक करणारा एक कारखाना. तिथली पंचविशीतली एक कामगार बाई एचआर अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये शिरली, टेबलावरची फाईल उचलली, आडवे आल्यावर त्याला ढकलले आणि निघून गेली. कंपनीचा तक्रार अर्ज जबरी चोरीचा होता. फाईलमध्ये संमतीपत्रे होती. त्या सुमारास राज्यात कारखान्यांच्या कामाच्या तासांचे नियम बदलले होते. दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्याची वाट मोकळी झाली होती, पण जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी होती. पॅकिंगच्या साठेक बायकांची तीच संमती त्या फाईलमध्ये होती.

साहेबांनी अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे दिला. “कागद काढा आणि गुन्हा दाखल करून अटक दाखवा. दोन दिवसांचं काम आहे.”

त्या बाईला अकरा महिन्यांचे मूल होते. भाड्याच्या खोलीत ती आणि तिची जाऊ; दोघींचे नवरे कामाला परगावी. ही पहिल्या पाळीला जायची तेव्हा मूल जावेकडे, ही परतली की जाऊ दुसऱ्या कारखान्यात कामाला. आठ तासांत हे कसेबसे बसत होते. बारा तास झाले, तर संध्याकाळी त्या मुलाजवळ कोणीच नव्हते. अटक झाली, तरीही नव्हते.

“फाईल कुठे आहे?” मी तिला ठाण्यात बोलावून विचारले.

“फाईल तिथंच त्याच्या टेबलावर फेकली. म्या एकच कागद घेतला. त्याच्यावर माझी सही हाय. माझी सही म्या घेतली, ही चोरी कशी व्हईल?”

“सही तुमचीच आहे ना?”

“माझीच हाय.”

“म्हणजे बारा तासांना होकार दिलात.”

“नाय दिला.”

“सही आहे आणि होकार नाही, हे कसं?”

तिने माझ्या खांद्यावरच्या स्टारकडे पाहिले. “ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमी बी निस्ती सहीच बघताव.” त्यानंतर दोन दिवस ती काही बोलली नाही. कागद कुठे आहे, तेही नाही. सकाळी बोलावायचे, सूर्यास्ताच्या आत सोडायचे, एवढेच चालले होते.

एचआर अधिकारी मात्र भरपूर बोलला. मी कुठल्या शाळेची हे कळताच तो सरळ इंग्रजीवर आला. खरे सांगते, मला बरे वाटले. त्या ठाण्यात कित्येक महिन्यांनी कोणी माझ्याशी माझ्या सवयीच्या भाषेत बोलत होते, आणि त्या बरे वाटण्यात मी त्याला दोन प्रश्न कमी विचारले. यासाठी मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त येतो.

संमतीपत्राची झेरॉक्स त्याच्याकडे होती. पहिल्या पानावर इंग्रजीत मजकूर, मागच्या पानांवर फक्त अनुक्रमांक, नावे आणि सह्या. सह्यांच्या आसपास काळपट डाग होते. “झेरॉक्स मशीन बिघडलंय,” तो म्हणाला. मग त्याने हुकमाचे पान टाकले. “मॅडम, सात जणींनी संमती दिलेली नाही. त्या पुढेही आठ तासच करणार. आम्ही जबरदस्ती केली असती, तर या सात सुटल्या असत्या का?”

मुद्दा बिनतोड होता. तरी चौकशी पूर्ण दिसावी म्हणून मी त्या सात जणींचे जबाब घ्यायला कारखान्याच्या कँटीनमध्ये गेले. हवालदारबाई सोबत होत्या.

जबाबाची सुरुवात ठरलेली असते. नाव, वय, धंदा, पत्ता, पतीचे नाव. पहिलीने पतीचे नाव सांगितले आणि म्हणाली, “मयत हायेत.” दुसरीचा नवरा ट्रकखाली गेलेला. तिसरीचा काविळीने. चौथीने “मयत” म्हटले तेव्हा माझे पेन थांबले. उरलेल्या तिघी भिंतीशी उभ्या होत्या. मी त्यांच्या कपाळांकडे पाहिले. पायरीवर हसणारी त्यांच्यातच होती.

“तुम्ही बारा तासांना नाही का म्हणालात?” मी तिला विचारले.

“मी? मी कशाला नाय म्हणू?” ती पन्नाशीची होती. “घरात कमावणारी मी एकटी. मला तर पायजे होते जास्तीचे चार तास. पण मला कुणी इचारलंच नाय.”

“मग ठाण्याच्या पायरीवर ‘वाचले’ म्हणालात, ते कशातून?”

ती हवालदारबाईंकडे बघू लागली. त्या म्हणाल्या, “बोल की माय. मॅडम काय खात नाय तुला.”

“संक्रांतीला कंपनीनं हळदीकुंकू केलं, इथंच. स्टीलचा डबा वाण म्हणून. डबा घ्यायचा अन् मिळाला म्हणून सही करायची. मुसलमान बायांना बी बोलावलं, त्यांना अत्तर लावलं, डबा दिला. आमाला सुपरवायझरबाई म्हणली, तुमी मशिनीवरच थांबा, तुमचं काय काम तिथं.” ती हसली, पण हसू पुरते आले नाही. “डबा नाय, सही नाय, बारा तास बी नाय. अन् ही ठाण्याची भानगड बी नाय.”

मी वही मिटली. कायद्याने या बायकांच्या हाती एकच गोष्ट ठेवली होती, हो किंवा नाही म्हणण्याची. ती काढून घ्यायला यांनी ना धमकी वापरली, ना मारहाण. हळदीकुंकू वापरले. ज्या कागदावर बायका वाण मिळाल्याची सही करत होत्या, त्याला नंतर बारा तासांचा मजकूर टाचला. आणि ज्यांना खरोखर हो म्हणायचे होते, त्यांना विधवा म्हणून दारातच थांबवले. एकाच दुपारी दोन्हीकडच्या बायकांना मोडीत काढले आणि वर आमच्यासमोर त्या सात जणींना प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून उभे केले.

ठाण्यात परतले. बाकावर बसलेल्या बाईशेजारी जाऊन बसले. साहेबांच्या केबिनमधून ते दिसत होते.

“वाण म्हणून डबा मिळाला होता ना?” मी विचारले.

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, “बारावी शिकले मी, मॅडम. निस्ती नावांची यादी हाय म्हणून सही ठोकली. वर काय, मागं काय, बघितलं नाय. एका डब्यापायी. ते कुठल्या तोंडानं सांगू?”

“कागद आहे?”

“हाय. पन तुमी त्यालाच नेऊन द्याल.”

“देणार नाही.”

मी तोवर कोणाला असा शब्द दिला नव्हता, आणि तो देण्याचा अधिकार माझ्याकडे आहे की नाही हेही मला ठाऊक नव्हते. ती उठली. हवालदारबाई आणि दोन पंच घेऊन आम्ही तिच्या खोलीवर गेलो. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाच्या प्लास्टिक पिशवीतून तिने सह्यांचे पान काढले. ते मूळ पान होते. झेरॉक्समध्ये काळे दिसणारे डाग त्याच्यावर पिवळे आणि लाल होते. हळदीने माखलेली बोटे. तेवीस नंबरच्या सहीजवळ तर पूर्ण अंगठा उमटला होता. संमती द्यायला कोणी हाताला हळदीकुंकू लावून जात नाही. मी जागेवरच पंचनामा करून पान जप्त केले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. एचआर अधिकारी आधीच चहा पीत होता.

“हे तक्रार मागे घेतात,” साहेब म्हणाले. “बाई सुटली. तुम्ही तो कागद यांना देऊन टाका. बाकीचं कामगार खात्यातले बघतील. आपण कशाला डोकं घालायचं?”

“मॅडम, डबे शहागंजच्या बाजारातून जाड बघून आणले होते,” तो आता मराठीत आणि हसत म्हणाला. “बायकांचा मानच केला ना आम्ही? त्यात फसवणूक कुठं आली?”

तो माणूस क्रूर नव्हता. त्याला खरेच वाटत होते की त्याने मान केला. या प्रकरणाने मला जे शिकवले ते हेच, आणि ते शिकून माझा राग कमी झाला नाही, वाढला. सक्ती दरवेळी आवाज चढवून येत नाही. ती कपाळाला कुंकूही लावते. आणि सही खरी आहे का, एवढेच विचारणारा पोलीस त्या सक्तीचा शिपाई होतो. विचारायचे ते हे की सही करताना त्या माणसाला काय सांगितले होते, आणि कोणाला विचारलेच नाही.

पण हे सगळे मला आता लिहिता येते. त्या केबिनमध्ये मी नेहमीसारखी गप्प उभी होते. कागद परत गेला असता, तर सोमवारपासून तिला बारा तास उभे राहायचे होते. मी मनात चार वाक्ये इंग्रजीत जुळवली होती. ती तशीच सोडली. साहेब म्हणाले, “जा, आणा कागद.”

“नाही, सर,” मी म्हणाले. “तो पंचनाम्यात जप्त आहे, परत मिळणार नाही. आणि खोटा दस्तऐवज केल्याची फिर्याद द्यायला कोणी धजत नसेल, तर सरकारतर्फे मी देते. लिहून घ्या.”