तळहातावरचे मणी

चिंतेच्या वेळी मेंदूत काय घडतं, याच्या संशोधनासाठी मीही नाव दिलं होतं. माझ्याआधी एका बाईंचा नंबर होता. एमआरआयच्या यंत्रात धातू चालत नाही, म्हणून त्यांनी मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्या आत गेल्या. यंत्राची ठकठक सुरू झाली, तशी बाहेर खुर्चीवर बसलेल्या नवऱ्याची मूठ आवळत गेली.

"अहो, खिशात ठेवा की," मी म्हटलं.

"असू दे."

बाई हसतच बाहेर आल्या. "मला तर डुलकीच येत होती!"

यंत्र काय दाखवायचं ते दाखवो. आपली चिंता करणारा मेंदू बहुधा बाहेरच्या खुर्चीवरच बसलेला असतो.

बाईंनी हात पुढे केला, तेव्हा कुठे नवऱ्याने मूठ उघडली. तळहातावर मण्यांचे लाल ठसे उमटले होते.