इंदूबाईंचं उठणं

कुहीच्या इंदूबाईंना जमिनीवर बसता येत असे, पण उठता येत नसे. एकदा बसल्या की दोघींनी दोन बाजूंनी काखेत हात घालून उचलावं लागे, आणि उचलताना इंदूबाई इतक्या हसत की उचलणाऱ्यांचंही बळ जाई.

दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि तीन महिने खाटेवर पडून होत्या. हाड चांगलं जुळलं. पण तेव्हापासून खाट जी लागली ती सुटलीच नाही. भाजी चिरणं खाटेवर, पोथी खाटेवर आणि देवपूजा स्टुलावर बसून. रोज देवावर फूल वाहताना त्या म्हणायच्या, "तू खाली अन् मी वर, हे काही बरं नाही दिसत बापा. पण तूच पाडलं मले, आता तूच पाहून घे."

हे असंच चाललं असतं. पण चौऱ्याहत्तर साली त्यांच्या सुमतीचं लग्न ठरलं. तीन मुलांच्या पाठीवर झालेली एकुलती एक लेक. स्थळ पारशिवनीचं, मुहूर्त वैशाखातला. कन्यादानाला आईबाप पाटावर बसतात. बाप लेकीचा हात जावयाच्या हाती देतो आणि आई वरून झारीनं पाण्याची धार धरते. ती धार आपल्या हातची असावी, एवढं एकच मागणं इंदूबाईंनी सुमती पाळण्यात होती तेव्हापासून देवाजवळ केलेलं.

मुहूर्त निघाला त्या दिवशी धाकटी जाऊ कौसल्या मायेनंच म्हणाली, "बाई, तुम्ही कायले तरास करता? आम्ही दोघं बसतो ना पाटावर. सगळ्या मांडवापुढं तुम्हाले दोघींनी उचललं तर पारशिवनीवाले काय म्हणतील? नवऱ्या मुलीची माय अशी, मग मुलगी कशी?"

कौसल्या मनानं वाईट नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपला पिवळा शालू पेटीतून काढून दोरीवर उन्हाला टाकला. इंदूबाईंनी तो खाटेवरून पाहिला आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नवऱ्याला, गणपतरावांना, मात्र त्या काही बोलल्या नाहीत. गणपतराव साधा माणूस. "तू खुर्चीवर बस ना वं," एवढंच म्हणाला असता. नवरा पाटावर आणि बायको खुर्चीवर, असं कन्यादान इंदूबाईंनी कुठं पाहिलं नव्हतं आणि त्यांना पाहायचंही नव्हतं.

रामनवमी झाली आणि बस्त्यासाठी त्या नागपूरला धाकट्या बहिणीकडे आल्या. शोभाताई हनुमाननगरात राहत. इतवारीत लुगडी पाहायची, चोळ्या शिंप्याकडे टाकायच्या, सगळं आणून बांधायचं. बारा दिवसांचा मुक्काम होता. दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला शोभाताईंनी त्यांना हलवून उठवलं.

"ताई, चाल माझ्यासंगं. मैदानावर योगासनांचा वर्ग असते बायकांचा."

"मी काय करू तिथं? मले काय येते?"

"ज्याले काही येत नाही त्याच्यासाठीच आहे तो."

"मग मी पहिल्या नंबरानं पास," इंदूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून निघाल्या. बहिणीचं मन मोडायचं नाही, आणि चैत्रात नागपुरात पहाटच काय ती गार; तेवढं फिरणं होईल, इतकाच त्यांचा विचार.

मैदानाच्या पूर्वेच्या टोकाला मारुतीचं देऊळ होतं. त्याच्यासमोर लिंबाखाली चौदा-पंधरा जणी सतरंज्या पसरून बसलेल्या. बाकीच्या पाचवारी पातळात, पाय सारखे झाकून घेत. इंदूबाई एकट्या नऊवारी लुगड्यात, त्यामुळे झाकायची काळजी नाही. शिकवणाऱ्या कुसुमताई एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. गळ्यात शिट्टी असे, पण ती त्या कधी वाजवत नसत. आवाजच तेवढा होता.

"आज नवीन कोण? आजी, काही घाई करायची नाही. जेवढं होईल तेवढंच. श्वास घ्या."

"आतापर्यंत काय घेऊन राहिली होती मी?" इंदूबाई शोभाताईंच्या कानात बोलल्या, पण त्यांचं कानात बोलणं शेवटच्या सतरंजीपर्यंत गेलं.

मान वळवणं झालं, हात वर नेणं झालं, मांडी घालून बसणं झालं. बसणं इंदूबाईंना येतच होतं. शेवटी कुसुमताईंनी सगळ्यांना पाठीवर आडवं व्हायला सांगितलं. पंधरा बायका जागच्या जागी आडव्या झाल्या. इंदूबाई तेवढ्या बसून राहिल्या.

"आजी, झोपा ना."

"नाही."

"पाठ दुखते का?"

"पाठीले काय होते? समोर मारुती आहे. त्याच्याकडे पाय करून झोपू? तुम्ही सगळ्या शहाण्या बाया, रोज देवाले पाय दाखवून राहिल्या?"

डोळे मिटून पडलेल्या पंधरा जणींनी एकदम डोळे उघडले, माना वर करून देवळाकडे पाहिलं आणि पटापट पाय जवळ ओढले. कुसुमताईंनी हात जोडले. "दोन वर्षं झाली वर्गाला. मी देवळाकडे पाठ आणि तुमच्याकडे तोंड करून उभी असते, माझ्या ध्यानातच आलं नाही," त्या म्हणाल्या. सगळ्या सतरंज्या फिरल्या. इंदूबाईंनी देवळाकडे डोकं केलं, "आता सांभाळ रे," म्हणाल्या आणि मग त्यांना अशी गाढ झोप लागली की त्या घोरल्या.

जाग आली तेव्हा सगळ्या उभ्या होत्या. शोभाताई आणि शेजारची एक, दोघी काखेत हात घालायला आल्या. इंदूबाईंना नेहमीसारखं हसू आलं, पण या वेळी ते अर्ध्यातच थांबलं. डोळ्यांपुढं दोरीवरचा पिवळा शालू आला.

चार दिवस असंच चाललं. कुसुमताई रोज सांगत, "कुशीवर वळा, मग हातापायांवर या, रांगणाऱ्या बाळासारखं. मग एक पाय पुढं." इंदूबाई रोज नाही म्हणत. "चार नातवंडं झाली मले. आता मारुतीपुढं रांगू?" पाचव्या दिवशी कुसुमताई त्यांच्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या.

"आजी, तुम्हाला उठता का यायला हवं? खरं सांगा."

आणि गणपतरावांनाही न सांगितलेलं इंदूबाईंनी त्या पाच दिवसांच्या ओळखीच्या बाईला सांगून टाकलं. लग्न, पाट, झारीची धार, शालू, सगळं. सांगता सांगता पदर डोळ्यांना लागला. कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उठल्या.

"ठीक आहे. उद्यापासून आजींना कोणी हात द्यायचा नाही."

सहाव्या दिवशी कोणी दिला नाही. सगळ्या सतरंज्या गुंडाळून गेल्या. शोभाताईंना कुसुमताईंनी फाटकाशी उभं केलं आणि स्वतः देवळाच्या ओट्यावर जाऊन बसल्या. इंदूबाई लिंबाखाली आपल्या सतरंजीवर एकट्या. ऊन लिंबाच्या शेंड्यावरून खाली यायला लागलं.

"शोभे! ये ना वं!"

"नाही म्हणतात त्या."

"बहीण कोणाची तू?"

शोभाताई फाटकाचा लोखंडी गज धरून उभ्या राहिल्या. इंदूबाईंनी मग मास्तरणीचा उद्धार केला, नागपूरचा केला, मारुतीलाही दोन शब्द सुनावले. कुशीवर वळून पाहिलं. गुडघ्यावर भार गेला की कळ यायची. रडकुंडीला येऊन त्यांनी दोन्ही हात पुढं जमिनीवर आपटले. माळ्यानं पहाटे लिंबाला पाणी सोडलं होतं, ते सतरंजीच्या कडेपर्यंत झिरपलेलं. बोटं चिखलात रुतली.

थंडगार चिखल बोटांच्या बेचक्यांतून वर आला आणि इंदूबाई थांबल्या. लग्न होऊन कुहीला आल्यापासून तीस पावसाळे त्यांनी धानाच्या बांधीत रोवणं केलं होतं. गुडघाभर पाण्यात कमरेत वाकून, डाव्या हातात धानाची रोपं, उजव्या हातानं एकेक लावत मागं मागं सरकायचं, दिवसचे दिवस. तिथं कधी कोणी रांगत नव्हतं. खाली पडलं तर हात चिखलात टेकून, आधी कंबर वर आणि मग हात पायाशी आणून सरळ व्हायचं. बांधीत बाई तशीच उठते. डोकं हे विसरलं होतं. हात विसरले नव्हते.

त्यांनी तळवे पक्के टेकले, पाय रुंद घेतले आणि कंबर वर केली. पाय लटपटले. मग हात एकेक वीत मागं, मागं, पायापर्यंत. मग मांडीवर. मग त्या उभ्या राहिल्या. केसांत पालापाचोळा, हात मनगटापर्यंत काळे.

फाटकाशी शोभाताई रडत होत्या. कुसुमताई धावत आल्या. "हे कोणतं आसन केलंत आजी?"

"आसन नव्हे वं बाई, रोवणं आहे हे. कुहीची कोणतीही बाई करते."

"उद्या सगळ्यांना दाखवा."

उरलेले दिवस वर्गाच्या शेवटी इंदूबाईंचं रोवणं होऊ लागलं. पंधरा जणी एका ओळीत वाकून मागं सरकत आणि इंदूबाई ओरडत, "अवं धुऱ्यापाशी, बांधाच्या कडेला आली तू, फिर आता!" इंदूबाईंची एकच चिंता उरली होती. निघायच्या दिवशी त्यांनी कुसुमताईंना ती विचारली. "इथं ठीक आहे. तिथं मागं भटजी, पुढं व्याही. सगळ्या मांडवापुढं असं कंबर वर करून उठू?"

"उठायचं कसं ते तुम्हाला आलं," कुसुमताई हसून म्हणाल्या. "लाजायचं की नाही ते तुमच्याकडे. ते मी शिकवत नाही."

लग्नाच्या दिवशी मांडवावर जांभळाचे डहाळे होते आणि खाली सडा टाकून जमीन गार केलेली. इंदूबाई पाटावर बसायला निघाल्या तेव्हा गणपतराव घाबरले. "अवं, बसशील, पण..." "तुम्ही मंत्राकडे ध्यान द्या," त्या म्हणाल्या आणि बसल्या. कौसल्येनं शालू नेसलाच होता, तो तिला शोभतही होता. तिनं स्वतःच्या हातानं झारी भरून जावेपुढं ठेवली.

सुमतीचा हात जावयाच्या हातात गेला. इंदूबाईंनी धार धरली. ती कुठं तुटली नाही. भटजी मंत्र लांबवत गेले तरी तुटली नाही.

"झालं. आता उठायला हरकत नाही," भटजी म्हणाले.

एवढ्या वेळात इंदूबाईंच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. कौसल्या एकीकडून, शोभाताई दुसरीकडून धावल्या. इंदूबाईंनी मान हलवली. "कोणी हात देऊ नका."

त्यांनी पाटापुढच्या ओल्या जमिनीवर दोन्ही तळवे टेकले. कंबर वर केली. मुंग्या जाईनात, म्हणून तशाच वाकून क्षणभर थांबल्या. कपाळ जमिनीला लागलेलं. मग हात एकेक वीत मागं आले आणि इंदूबाई उभ्या राहिल्या. कपाळावर, कुंकवाच्या खाली, सड्याची माती.

समोर विहीणबाई, पारशिवनीच्या जिजाबाई, हात जोडून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले.

"कन्यादान झाल्यावर भुईला असा नमस्कार करता तुम्ही! तुमच्याकडची ही रीत आम्हाला कोणी सांगितली नाही."

शोभाताईंनी पदर तोंडात कोंबला. इंदूबाईंना देवाब्राह्मणापुढं खोटं बोलवेना. "विहीणबाई, रीत-बीत काही नाही. मी नुसती उठली."

"मोठ्या मनाच्या आहात," जिजाबाई म्हणाल्या. आणि कोणी काही बोलायच्या आत हातातला पंखा बाजूला ठेवून त्या स्वतः खाली बसल्या आणि त्यांनी भुईला कपाळ टेकलं. अंगानं चांगल्या भरलेल्या बाई. नमस्कार झाला. एकदा उठायला गेल्या, नाही जमलं. दुसऱ्यांदा गेल्या, नाही जमलं. पारशिवनीच्या दोन सुना तोंडं गोरीमोरी करून काखेत हात घालायला पुढं झाल्या.

इंदूबाईंनी दोघींना थांबवलं. लुगड्याचा काष्टा नीट केला आणि व्याह्यांच्या, भटजींच्या, अख्ख्या मांडवाच्या देखत त्या पुन्हा जिजाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"घाबरू नका विहीणबाई. हात पुढं टेका. अजून पुढं. हं. आता कंबर वर."

"सगळे पाहून राहिले हो," जिजाबाई कुजबुजल्या.

"पाहू द्या. लाजू नका. मी आहे ना संगं."

आणि जावयाशेजारी बसलेली, रडून रडून डोळे सुजलेली सुमती, आईकडे आणि सासूकडे एकदम पाहून, त्या दिवशी पहिल्यांदा हसली.