माझी किडनी आणि रविवारची रस्सीखेच

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं! माझं पोट, बीपी, शुगर सगळंच वाढलंय, म्हणून आईने जोराचे खेळ बंद केलेत. तरी रविवारी चर्चच्या कॉयरच्या गाण्याच्या प्रॅक्टिसला जातो सांगून मी वटार गावात रस्सीखेच खेळलो आणि सोमवारी तपासणीसाठी रक्त दिलं. रिपोर्टमध्ये स्नायूंचं सीपीके भरमसाट, किडनीचं क्रिएटिनिनपण वाढलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या दिवशी काही जोराचं केलंस? त्यानेही हे आकडे वाढतात."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हा कसला करतोय डॉक्टर! गाणी म्हणत होता."

मी मान डोलावली. आता आईने फादरना सांगितलंय, येत्या रविवारी मिस्सात माझ्या किडनीसाठी प्रार्थना होणार. आणि रस्सीखेचची अख्खी टीम तिथेच बसलेली असणार! तुम्ही कधी असे अडकलात का?