पाऊण कप चहाची फेरमोजणी

जमीन कधी खोटं बोलत नाही. आमच्या खात्यातल्या प्रत्येक निरोप समारंभात कुणीतरी घसा खाकरून हे वाक्य म्हणतं. म्हणणाऱ्याने बहुधा बरीच वर्षं जमीन मोजलेली नसते. जमीन खरंही बोलत नाही. ती नुसती पडून असते. बोलतात ती धुऱ्याच्या दोन बाजूंना उभी राहिलेली माणसं. धुरा म्हणजे दोन शेतांमधला हद्दीचा बांध.

अशाच एका धुऱ्यापायी मी मॅडमच्या टेबलासमोर उभा होतो. मॅडम आमच्या भूमी अभिलेख कार्यालयाच्या उपअधीक्षक, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी भूकरमापक, म्हणजे शेत मोजून हद्द दाखवणारा. टेबलावर माझ्याविरुद्धचा अर्ज होता.

“चहा घेतला?”

“घेतला.”

“मोजणी मागणाऱ्याच्या घरी?”

“ओसरीवर. पाऊण कप. वर साय आली म्हणून उरलेला ठेवला.”

“मी माप नाही विचारलं. का घेतला?”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कुठल्या डॉक्टरांनी? पित्ताच्या?”

इथे थोडं मागे जायला हवं.

मोजणीच्या दिवशी एक रीत असते. ज्याने मोजणी मागितली, तो शेतात खुर्ची आणतो, चहा आणतो, पोहे आणतो. साहेबाने बसायचं, खायचं, आणि ‘तुम्ही कुठचे, मुलं किती’ या प्रश्नांची उत्तरं द्यायची. मी चोवीस वर्षांत हे एकदाही केलं नाही. माझी बाटली, माझा डबा, दूर एखाद्या झाडाखाली. त्यामुळे मी जिथे जाईन तिथे माझ्याआधी बातमी पोचायची: लय कडक साहेब, चायसुद्धा घेत नाही. एका सरपंचाने तर सभेत माझं उदाहरण दिलं होतं. मी सभेला नव्हतो. सभांना मी जातच नाही.

खरं कारण कुणी विचारलं नाही, आणि मलाही माहीत नव्हतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की माझ्या डोक्यात मळणी यंत्र सुरू होतं. बशीवर कप ठेवल्याचा आवाज दातांत लागतो. गप्पा कुठे संपतात ते मला दिसत नाही. शेताला निदान चार बाजू असतात.

गेल्या वर्षी हा आवाजाचा त्रास वाढला म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान उत्तम निघाले. “जरा जास्तच उत्तम आहेत,” असं म्हणून त्यांनी मला नागपूरच्या मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तिथे तीन बैठका झाल्या, बायकोला वेगळं बोलावून प्रश्न विचारले गेले, आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मला कळलं की मला ऑटिझम आहे, जन्मापासून आहे. चौदा पानांचा अहवाल मिळाला. पान नंबर सात त्यात दोनदा होतं. मी तसं कळवलं. डॉक्टर म्हणाल्या, “हेही अहवालात घालायला हवं होतं.”

बायकोने, संध्याने, गोंदियाच्या गाडीत बसून सगळा अहवाल वाचला. “यासाठी नागपूर कशाला पाहिजे होतं? मला विचारलं असतं तर मी लग्नानंतर पंधराव्या दिवशीच सांगितलं असतं.” मग खिडकीकडे बघत म्हणाली, “मला वाटायचं, माझ्याशी बोलायला आवडत नाही तुम्हाला.” तिने डबा उघडून माझ्याकडे सरकवला. तिरोडा स्टेशन येईपर्यंत आम्ही गप्प होतो, पण ते नेहमीचं गप्प नव्हतं.

डॉक्टरांनी गृहपाठ दिला होता. लोकांशी थोडं थोडं जोडलं जायचं. या आठवड्यात कुणीही प्रेमाने चहा दिला तर एकदा तरी नाही म्हणायचं नाही. मला गृहपाठ समजतो. तो आठवडा दवनीवाड्याकडच्या एका गावातल्या मोजणीचा होता. अर्जदार भाऊराव. त्यांचं म्हणणं, शेजारीण शकुनबाईने धुरा दोन हात त्यांच्याकडे सरकवला. शेत मोजून झाल्यावर त्यांनी सवयीने विचारलं, “चाय तर नाही घेणार साहेब?” मी म्हणालो, “घेईन.”

भाऊराव मला घेऊन जवळजवळ धावतच घरी निघाले. दारातूनच आत ओरडले, “अवं, साहेब चाय घेऊन राहिले!” मला ओसरीवर बसवलं, सून चहा घेऊन आली, आणि मुलाने मोबाइलवर फोटो काढला. तो संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर होता. खाली मजकूर: ‘चोवीस वर्षांत प्रथमच. आमच्या निवासस्थानी साहेबांचे चहापान.’

दुसऱ्या दिवशी शकुनबाईचा अर्ज कार्यालयात. तीन ओळी. साहेब कुणाकडे चहा घेत नाहीत. यांच्याकडे घेतला. म्हणजे काहीतरी आहे.

युक्तिवादात मला चूक दिसली नाही.

तर मी तो चौदा पानी अहवाल मॅडमना दाखवला. त्यांनी तो वाचला, आणि माझ्याकडे बघण्याची त्यांची पद्धतच बदलली. आवाज हळू झाला, जणू मी झोपलो आहे. “सर, तुम्ही हे एकट्याने सोसलंत. आपण ऑफिसमध्ये जागृतीचा कार्यक्रम घेऊ. तुमचा सत्कार करू. बॅनर, शाल, श्रीफळ, दोन वक्ते...”

“माइक असेल?”

“असेलच की.”

“मग मी येणार नाही. तक्रारीचं काय?”

त्या भानावर आल्या. “तुमच्या मोजणीत काय निघालं आहे?”

“धुरा जागेवर आहे.”

“म्हणजे जिने तक्रार केली, तीच जिंकली आहे?”

“हो. नकाशा अजून दिलेला नाही, म्हणून तिला माहीत नाही.”

“मग सांगून टाकू!”

“सांगितलं तर ती म्हणेल, तक्रार केली म्हणून साहेब सरळ झाले. भाऊरावही तेच म्हणतील.”

मॅडमनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग म्हणाल्या, “मी स्वतः मोजते. पण चार बोटांचाही फरक निघाला ना सर, तर मला चौकशी लावावी लागेल. अहवाल असो नाहीतर नसो.”

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. चोवीस वर्षांत मी जमवलेली एकच गोष्ट होती, माझं नाव. आणि ते नाव मी कमावलेलं नव्हतंच. कुणाच्या ओसरीवर बसायला घाबरणाऱ्या माणसाला लोकांनी इमानदार समजून घेतलं होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात. तो अहवाल खरा, तर मग सरपंचाने सांगितला तो माणूस कोण?

धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, नुसती खुंटं उभी होती. मॅडमनी रोव्हर हातात घेतला. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेलं, उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र. भाऊराव त्यांच्यामागे पावलावर पाऊल टाकत फिरत होते. मला यंत्राला हात लावायची मनाई होती. मी धुऱ्याच्या एका टोकाला बाटली घेऊन बसलो.

शकुनबाई केटली आणि दोन कप घेऊन आली. साठीची, उन्हाने रापलेली. समोर उभी राहिली.

“काऊन जी साहेब, आज नाई घेऊन राहिले चाय?”

“नाही.”

“मंग त्या दिवशी काऊन घेतली?”

“डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.”

“चाय कोणता डागदर लिहून देते?”

मी सांगितलं. जसं आहे तसं. माणसांत बसता येत नाही, डोळ्याला डोळा भिडवून बोलता येत नाही, आवाज सहन होत नाही. याला नाव आहे, ते मला आत्ता आत्ता कळलं. चहा नाकारत होतो तो इमानदारीपायी नाही, गप्पांच्या भीतीपायी.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी केटलीकडे.

“अन् माह्या धुऱ्याच्या टायमालेच बरी तुमची भीती गेली!”

“त्या आठवड्याचा गृहपाठ होता.”

“पैसे घेत होते का लोकायपासून?”

“नाही.”

“काऊन?”

“नियमात नाही.”

“मंग इमानदारच झाले ना जी तुमी! चायचं कारण येगळं, पैशाचं येगळं. येवढं शिकले, अन् हे नाई समजे तुमाले?”

चौदा पानांत हे वाक्य नव्हतं. पंधरा म्हणायला हवं, सात दोनदा होतं.

ती धुऱ्यावरच बसली, माझ्यापासून पाच-सहा हातांवर, तोंड दुसरीकडे करून. कपात चहा ओतला. “माहा घरवाला असाच होता. लगनाचा बँड वाजला का गोठ्यात जाऊन बसे. लोकं हासत.”

“त्यांना दाखवलं होतं कुठे?”

“कोणाले दाखवते? याले काही नाव असते हेच आमाले मालूम नव्हतं. तो गोठ्यात गेला का मी बी जाऊन बसत होती.” एक घोट घेऊन म्हणाली, “बोलत नव्हतो आमी. काय बोलाचं हाय?”

त्यानंतर ती खरंच काही बोलली नाही. तिने चहा प्यायला, मी माझं पाणी. समोर मॅडमची काठी हळूहळू सरकत होती. दहा मिनिटं झाली असतील. कुणाजवळ बसून ‘आता उठावं कसं’ हा विचार माझ्या डोक्यात आला नाही, असं बहुतेक पहिल्यांदा झालं. संध्याकाळी घरी गेल्यावर मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसलो. संध्याने विचारलं, काही पाहिजे का. मी म्हणालो, नाही. ती पोळ्या लाटत राहिली, मी बसून राहिलो. आता रोज बसतो.

मॅडमच्या मोजणीत आणि माझ्या मोजणीत एका बोटाचा फरक निघाला. तेवढा फरक यंत्रच ठेवतं. धुरा जागेवर होता. चहा पाजणारा हरला, तक्रार करणारी जिंकली, आणि फाइलवर मॅडमनी शेरा मारला: ‘चहा घेतल्याचे सिद्ध होते. मोजणीवर परिणाम नाही.’ यातून नव्या भूकरमापकांनी घ्यायचा धडा एवढाच, की चहा घ्यायचाच असेल तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून घ्यावा. चोवीस वर्षांनी घेतलेल्या चहाची चौकशी होते.

सत्कार मी रद्द करून घेतला. बॅनर छापून झाला होता, त्याने आता प्रिंटर झाकतात.

गेल्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून एक पत्र आलं. भाऊरावांनी तक्रार केली आहे. फेरमोजणीच्या वेळी भूकरमापक आणि शेजारीण धुऱ्यावर दहा मिनिटं सोबत बसले होते, आणि एकमेकांशी काहीही बोलले नाहीत. सोबत फोटो जोडला आहे.