जनावरांनी ओढायचे वाहन

टायरवरचं गोणपाट फाडलं आणि मी मोठ्यानं हसलो. मग हसू आवरावं लागलं, कारण समोर डॉक्टर इंगोलेबाई उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या.

"काय झालं, राजाभाऊ? माप चुकलं का?"

"माप बरोबर आहे, बाई. सोळा इंची. जावई पाटावर बसतो तसा रिमवर बसेल."

"मग?"

मी टायरच्या कुशीवर बोट ठेवलं. तिथं तीन ठसठशीत अक्षरं होती. ए, डी, व्ही. ॲनिमल ड्रॉन व्हेईकल. म्हणजे जनावरांनी ओढायचं वाहन. सरळ मराठीत सांगायचं तर बैलगाडी.

बाईंच्या फिरत्या दवाखान्याला आरोग्य खात्याच्या कचेरीनं बैलगाडीचे टायर पाठवले होते. आणि पोहरादेवीची यात्रा आठ दिवसांवर आली होती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि माझं टायरचं दुकान स्टँडजवळ होतं. फिरता दवाखाना म्हणजे एक कॅराव्हॅन. चाकांवरची खोली म्हणा. दोन चाकं, एक दार, दोन खिडक्या, आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी. तिला इंजिन नसतं. जीपच्या मागे जोडायची आणि न्यायची. परदेशातल्या कुणा दानशूर मंडळींनी ती पाठवली होती. आपल्याकडे ती पोचली आणि दोन वर्षं कचेरीच्या आवारात विटांवर उभी राहिली. उन्हानं टायरांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यात तूर पेरता आली असती.

बाईंना ती गाडी का हवी होती, ते आधी सांगतो. आदल्या वर्षी यात्रेत त्यांनी दवाखाना लावला होता, तो मांडवात. बायकांना तपासायला आडोसा म्हणून दोन नर्सा लुगडं धरून उभ्या राहायच्या. चैत्रातला वारा. लुगडं उडालं की तपासणी बंद. रांगेतल्या निम्म्या बायका काही न सांगता निघून गेल्या. ज्या थांबल्या, त्यांनी फक्त डोकं दुखतं म्हणून सांगितलं. बाई मला म्हणाल्या होत्या, "राजाभाऊ, बाईमाणसाचं दुखणं दार लावल्याशिवाय तोंडाबाहेर येत नाही. मी यंदा तांड्यांवर सांगून आले आहे, दाराचा दवाखाना आणते म्हणून."

म्हणून टायर. मी रीतसर चिठ्ठी लिहून दिली होती. टायर निवडताना तीन गोष्टी बघायच्या असतात. एक, माप. दोन, प्लाय, म्हणजे रबराच्या आत कापडाचे किती थर आहेत. जितके थर, तितकं वजन पेलतो. तीन, वेग. वेगानं टायर तापतो, आणि तापलेला टायर माणसासारखाच वागतो, फुटतो. मी लिहिलं होतं, "सोळा इंची, सहा प्लाय, जीपमागे चालणाऱ्या ट्रेलरचे, नग दोन." बैलगाडीचा टायर वजन भरपूर उचलतो, पण बैलाच्या चालीनं. त्याला पळवायचं नसतं.

आम्ही दोघं तडक कचेरीत गेलो. तिथं हेडक्लार्क टेकाडे बसायचे. बसायचे म्हणजे खुर्चीच्या सर्व बाजूंनी बसायचे. वजनदार माणूस, सर्वार्थानं.

"टेकाडेसाहेब, हे बैलगाडीचे टायर आले," मी म्हणालो.

"बरोबर आले," ते म्हणाले. त्यांनी फाइल काढली आणि मागणीच्या छापील नमुन्यावर बोट ठेवलं. "हा रकाना वाचा. वाहनाचा प्रकार. यांत्रिक, की जनावरांनी ओढायचे. नको ते खोडावे. आता मले सांगा, तिले इंजिन हाय?"

"नाही."

"स्टेअरिंग?"

"नाही."

"ड्रायव्हरले बसाची जागा?"

"नाही, पण..."

"मंग ते यांत्रिक कसं होईन? म्या यांत्रिक खोडलं. आता खाली काय उरलं, त्याले मी काय करू?"

"अहो, तिला जीप ओढते!"

"जीप यांत्रिक हाय, मले कबूल हाय. पण मागणी जीपची होती काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी आजही शोधतो आहे.

बाईंनी विचारलं, "बदलून किती दिवसांत येतील?"

टेकाडे विचारात पडले. "वरून मंजुरी, मंग पुरवठा... पावसाळा धरून चाला."

बाजारात विकत घ्यायचे म्हणाल, तर त्या दिवसांत टायर म्हणजे दुर्मीळ वस्तू. नंबर लावून लोक महिनोन् महिने थांबायचे. मी टायरवाला, आणि माझ्याच दुकानात टायर नव्हते. पंक्चरवर माझं पोट चालायचं. कचेरीच्या जीपला स्टेपनीसुद्धा नव्हती, तिचे काढून लावू म्हटलं तर जीपच विटांवर.

तरी मी आशा सोडली नाही. टायर चढवले, हवा भरली, जीपमागे गाडी जोडली आणि मंगरूळच्या रस्त्याला चाचणी घेतली. ड्रायव्हरला सांगितलं, यात्रेला जाशील तशी चालव. तीन-चार मैलांवर थांबलो. मी टायरला हात लावला आणि झटकन काढून घेतला. ज्वारीची भाकरी टाकली असती तर फुगली असती.

"हळू चालवली तर?" बाईंनी विचारलं.

परतताना हळू चालवली. म्हणजे माणूस चालतो तशी. टायर थंड राहिले. जीप तापली. पहिल्या गिअरमध्ये, चैत्राच्या उन्हात, मागे एवढं ओझं. रेडिएटरनं असा काही फवारा सोडला की ड्रायव्हर खाली उतरून नमस्कार करून दूर उभा राहिला. जोरात जावं तर टायर फुटतो, हळू जावं तर जीप उकळते. पाणी ओतत ओतत कशीबशी दुकानापर्यंत आलो. बाई गाडीच्या पायरीवर बसल्या आणि यात्रेला उरलेले दिवस बोटांवर मोजू लागल्या.

दुकानासमोर आसेगावचे सखाराम वानखडे बसले होते. त्यांच्या बंडीचं चाक पंक्चर झालं होतं. बंडी म्हणजे आमच्याकडची मालाची बैलगाडी. सखारामभाऊंनी नव्या रीतीनं तिला हवेची चाकं लावली होती आणि त्याचा त्यांना फार अभिमान. बैलांचीही नावं त्यांनी काळाला धरून ठेवली होती. एक सरपंच आणि दुसरा चेअरमन.

"काहून बाईचं तोंड उतरलं, राजाभाऊ?"

मी सगळं सांगितलं. ते उठले, कॅराव्हॅनच्या टायरपाशी उकिडवे बसले आणि अक्षरांवर बोट फिरवून म्हणाले, "असेच त माह्या बंडीचे हायेत. याच्यावर काय लिवलं म्हणता?"

"जनावरांनी ओढायचं वाहन."

"मंग जनावरानं ओढा ना, बाप्पा! कायले जीपले तरास देऊन राह्यले?"

मी हसायला तोंड उघडलं. पण बाई उभ्या राहिल्या होत्या.

"सखारामभाऊ, तुमचे बैल पोहरादेवीला किती दिवसांत पोचवतील?"

"सकाळ-संध्याकाळ चाललो, दुपारी सावली धरली, त चौथ्या दिशी हाजर. चेअरमन मधात बसला नाही म्हणजे. तो एकदा बसला का उठतच नाही."

"मग ठरलं."

ठरवायला सोपं होतं. जोडायचं काम माझ्याकडे आलं. कॅराव्हॅनच्या नाकाशी एक वाटी असते, ती लोखंडी गोळ्यावर बसते. जीपच्या मागचा गोळा मी काढला आणि बंडीच्या मागच्या आडव्या लाकडाला पट्टी मारून बसवला. गाडी जोडली. जोडताक्षणी बंडीची मागची बाजू खाली गेली, पुढची वर गेली आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं गेलं. चेअरमननं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच प्रस्ताव नामंजूर केला.

याला उलाळ म्हणतात. मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते. उपाय सोपा. पुढे वजन ठेवायचं. आम्ही बंडीत पुढे ज्वारीची दोन पोती ठेवली. जू वरच. औषधांच्या पेट्या ठेवल्या. थोडं खाली आलं, पण मानेला टेकेना.

बाईंनी बंडीकडे पाहिलं. मग कचेरीच्या दिशेनं पाहिलं.

"टेकाडेसाहेबांना बोलवा."

टेकाडे आले आणि ऐकून लालेलाल झाले. "मी? बंडीत? मी हेडक्लार्क हाओ, बाई!"

"म्हणूनच," बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "हे जनावरांनी ओढायचं वाहन आहे, असं तुम्ही सहीनिशी लिहिलं आहे. सरकारी वाहन परगावी जातं, तेव्हा सोबत जबाबदार कर्मचारी लागतो की नाही?"

"लागते," टेकाडे म्हणाले. नियम विचारला की त्यांना खोटं बोलता येत नसे. तेवढा मोठेपणा त्या माणसात होता.

ते बंडीत चढले. पोत्यावर बसले. जू हळूच खाली आलं आणि दोन्ही मानांवर बरोब्बर टेकलं. सखारामभाऊ हात जोडून म्हणाले, "वा साहेब! देवानं तुमाले याच्यासाठीच घडवलं."

निघालो. पुढे सरपंच आणि चेअरमन, मग सखारामभाऊ आणि टेकाडे, मागे पांढरीशुभ्र विलायती खोली, खिडकीत डॉक्टरीणबाई आणि नर्स, आणि बाजूला पंप, ठिगळं घेऊन पायी मी. कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्याला हँडब्रेक होता. उतार आला की तो धरून मी बंडीबरोबर पळायचो, नाहीतर सगळी खोली बैलांच्या अंगावर गेली असती. रस्त्यात कुणी विचारलं, लग्न कोणाचं? कुणी म्हणालं, सिनेमा आला. एका म्हातारीनं टेकाडेंनाच पुढारी समजून अर्ज दिला. त्यांनी तो सवयीनं घेतला आणि दिनांक नाही म्हणून परत केला.

पहिल्या मुक्कामाच्या अलीकडे अपघात झाला. टेकाडे कुणाला न सांगता लघवीला उतरले. बंडी उलाळ झाली, जू उडालं, कॅराव्हॅनचं नाक जमिनीला टेकलं आणि आत बाई, नर्स आणि दुधाचं पातेलं एका कोपऱ्यात जमा झाले. त्यानंतर नियम झाला. टेकाडेंना उतरायचं असेल तर त्यांनी आधी सांगायचं, मग सखारामभाऊ बैल सोडणार, मी नाकाखाली दगड लावणार, आणि मग ते उतरणार. हेडक्लार्कला लघवीसाठी तीन माणसांची मंजुरी लागू लागली. मला त्या नियमाचा फार आनंद व्हायचा.

पण दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. शेतातून मोळी घेऊन निघालेली एक बाई कॅराव्हॅनच्या खिडकीशी आली आणि चालू लागली. खिडकीतून डॉक्टरीणबाई काहीतरी विचारत होत्या, ती खाली पाहून उत्तर देत होती. दोघी एकाच चालीनं. पाव मैल गेला, अर्धा मैल गेला. कुणी थांबलं नाही, कुणी रांग लावली नाही, गावाला काही कळलं नाही. मग बाईंनी हाक मारली, "सखारामभाऊ, थांबा." मोळी बांधावर राहिली, ती बाई आत गेली आणि दार लागलं. मी आयुष्यभर वेगाचा धंदा केला. जीपच्या वेगात हे होऊ शकलं नसतं, एवढं मला तिथं रस्त्यावर कळलं.

ती आणि तिच्यासारख्या किती, मी मोजल्या नाहीत. गाडी पुढच्या गावात पोचण्याआधी बातमी पोचायची. बायका वेशीवर नाही, वेशीच्या अलीकडे एकट्या-दुकट्या उभ्या असायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी पोहरादेवीला पोचलो. यात्रा भरत होती. तांड्यांवरच्या बायका आल्या, त्यांनी आधी दार पाहिलं. एकीनं ते लावून पाहिलं, उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. मग मागे वळून बाकीच्यांना मान हलवली. अंधार पडेपर्यंत ते दार आत जायला आणि बाहेर यायला तेवढं उघडलं. बाहेर स्टूल टाकून टेकाडे नावं लिहीत बसले होते. एका नवऱ्यानं आत डोकवायचा प्रयत्न केला, तर त्यांनी आपलं सगळं वजन दारात उभं केलं. म्हणाले, "अर्जदाराशिवाय प्रवेश नाही." मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात बरंच माफ केलं.

टायरांना काय झालं? काही नाही. एक ओरखडा नाही. येताना-जाताना मी पंप उगाच वाहिला.

परत आल्यावर टेकाडेंनी अहवाल लिहिला. खरा लिहिला, हीच चूक. "सदर जनावरांनी ओढायचे वाहन जनावरांनी ओढून समाधानकारकरीत्या चालले." बाईंनी सोबत माझी चिठ्ठी पुन्हा जोडली. आणि चमत्कार झाला. पावसाळा संपता संपता टायर आले. सोळा इंची, सहा प्लाय, ट्रेलरचे, अगदी मी लिहिले होते तसे. मी नाचायचाच बाकी होतो.

त्याच टपालानं एक पत्रही आलं. टेकाडेंनी ते खाली मान घालून वाचून दाखवलं. फिरता दवाखाना जनावरांच्या साहाय्यानं उत्तम चालत असल्याचं वरिष्ठांना कळलं होतं, त्यांना आनंद झाला होता, आणि सबब जीपची आवश्यकता न उरल्यानं ती दुसरीकडे पाठवण्यात येत होती.

बैलगाडीचे टायर तर बदल्यात परत द्यावे लागले होते. मग बाईंनीच आसेगावला निरोप धाडला, आणि वेगात पळण्यासाठी खास बनवलेले ते नवे कोरे टायर सरपंच आणि चेअरमनच्या मागे लागले. ते कधी तापले नाहीत. माझ्या हातून इतकी वर्षं टिकलेले टायर दुसरे गेले नाहीत.

आता माझ्याकडे गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, ट्रेलरला कोणता टायर टाकू? मी माप विचारत नाही, प्लाय विचारत नाही, गाडीकडे तर बघतसुद्धा नाही. आधी विचारतो, ओढणार कोण आहे?