आबांच्या खिशातली तुसं

जमिनीचा उतार नुसत्या तळपायांनी ओळखणारा माणूस जगात एकच आहे, आणि ते म्हणजे माझ्या आत्याचे सासरे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. तरी खात्री म्हणून, कुणाच्याही घरी गेले की पिऊन उरलेलं घोटभर पाणी ते फरशीवर ओततात, खिशातली चिमूटभर भाताची तुसं त्यावर सोडतात आणि ती कुठे निघाली ते वाकून बघतात. पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा तुसं थेट सोफ्याखाली गेली. "पाव्हणं, मिस्त्री निजला व्हता का?" त्यांनी माझ्या बाबांना विचारलं. आई फडकं घेऊन धावली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, त्याला वाट म्हाईत हाय." आत्याला बघायला आले तेव्हाही त्यांनी आधी अंगण बघितलं आणि मग तिला. "उतार झ्याक हाय. पोरगी पसंत." कापूरहोळच्या एका लग्नात त्यांनी आचाऱ्याला पेटती चूल हलवायला लावली. वऱ्हाडी चिडले. अर्ध्या तासात वळीव कोसळला आणि चुलीच्या आधीच्या जागी घोट्याइतकं पाणी साचलं. तो आचारी अजून त्यांना वाकून नमस्कार करतो.

शिवऱ्याजवळ आत्याच्या घरामागून एक ओढा जातो. त्याच्या खालच्या अंगाला भातखाचरं होती. तिथे भराव टाकून आता बंगल्यांची स्कीम होते आहे आणि ओढा भरावाखालच्या सिमेंटच्या नळात घातला आहे. नळ अपुरा पडला तर पाणी मागे फिरून आत्याच्या घरात शिरणार, हे आबा भेटेल त्याला सांगत. ग्रामसभेत बिल्डरचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला आणि आबा परात घेऊन. परातीत चिखलाचा डोंगर, नळ म्हणून पपईचा पोकळ देठ, घरं म्हणून काड्यापेट्या. "वता, सायेब." इंजिनिअरने तांब्याची बारीक धार धरली. "च्या गाळताय व्हय? आमच्याकडं असा पाऊस न्हाई पडत. उपडा करा!" त्याने तांब्या उपडा केला. एक काड्यापेटी तरंगत परातीच्या काठाला लागली. "ही आमची सूनबाई निघाली," आबा म्हणाले. सभा हसली. आत्या हसली नाही. इंजिनिअर म्हणाला, "आजोबा, खेळण्यावरून हे ठरत नाही. नळात पाणी निम्म्याच्या वर जाणारच नाही."

आबांनी तेवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं. पावसाळा लागल्यापासून, प्रत्येक मोठ्या सरीला, ते नळाच्या वरच्या अंगाला पोतंभर तुसं ओढ्यात सोडत राहिले. म्हातारा ओढ्याला गुरागत आंबोण घालतो, असं लोक म्हणत. श्रावणात उघडीप पडली, ओढा घोट्याइतका उतरला, तेव्हा त्यांनी सरपंच, ग्रामसेवक, इंजिनिअर, सगळ्यांना नळाच्या तोंडाशी बोलावलं. मी सुट्टीला आले होते आणि सगळ्यांच्या मागे उभी होते. आबांचे गुडघे आता वाकत नाहीत. त्यांनी मला नेमकं हेरलं. "तू बारीक हायेस. जा आत."

चार माणसांत मला पाणी मागायलाही जड जातं. पण त्यांना नाही म्हणणं त्याहून जड. मोबाईलचा दिवा लावून मी वाकून आत गेले. तुसं गुडघ्याच्या उंचीवर होती, खांद्याच्या उंचीवर होती. मग मान वर केली. नळाच्या माथ्यालाही चिकटली होती, सुकून सोनेरी झालेली, हाताने एकेक लावावीत तशी. नळ तोंडोतोंड भरून वाहिला होता. आणखी एक सर आली असती तर?

"कुठवर हाय गं?"

"वरपर्यंत, आबा! पार डोक्यावर!" माझा आवाज नळभर घुमला. इतक्या मोठ्याने मी पूर्वी कधी बोलल्याचं आठवत नाही.

इंजिनिअर स्वतः वाकून आत आला, बोटाने एक तूस खरवडून त्याने बघितलं आणि माघारी फिरला. नळ काढून ओढ्यावर पुलासारखी रुंद मोरी बांधू, असं बिल्डरने लिहून दिलं आहे. मोरी अजून बांधलेली नाही.

मला वाटलं होतं, आबा मिशीत हसत असतील. मी बाहेर आले तेव्हा ते आत्याच्या घराकडे बघत होते. दारात ती धुणं वाळत घालत होती. माझ्या केसांत अडकलेली तुसं त्यांनी एकेक करून काढली आणि परत खिशात टाकली.

"ह्या एका बारीला," ते म्हणाले, "माजं चुकाया पायजे व्हतं बग."