चढणारा मिळत नाही

आमच्या धंद्याला धड नाव नाही. जळगावात कोणी विचारलं, काय करता, तर मी सांगतो, झाडं तोडतो. त्यावर लोक असं बघतात की मी खाटीकच आहे. तेच लोक मे महिना लागला की घरी येऊन बसतात. भाऊ, टाकीवर फांदी आलीय, पावसाच्या आधी काढून द्या. सावली सगळ्यांना हवी, पण शेजाऱ्याच्या दारातली. माझ्या वडिलांची जळाऊ लाकडाची वखार होती. घरोघर गॅस आला, वखार बसली, आणि मी झाडाखाली उभं राहून वर ओरडायचं काम धरलं. आधी स्वतः चढायचो. आता गुडघे गेले, आवाज तेवढा उरलाय.

पण ओरडायला वर कोणीतरी लागतं ना. तिथेच सगळी रड आहे. शहरातली पोरं सकाळी येतात, झाडाकडे बघतात, चहा पितात आणि मामा वारला म्हणून निघून जातात. किती मामा मारले या पोरांनी. नशिराबादचा एक कडुनिंबावर अर्धा चढला, तिथे बसून स्वतःचा व्हिडिओ काढला आणि उतरला तो परत आलाच नाही. मी त्याला चार शिव्या हासडल्या, त्यासुद्धा त्याने रेकॉर्ड करून घेतल्या. भुसावळच्या एकाला रेल्वेत लागायचं होतं, तोवर झाडावर बसायची त्याची तयारी होती. त्याची आई येऊन त्याला उतरवून घेऊन गेली. मला लाज नाही का, असं विचारलं तिने. माझा स्वतःचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसतो. त्याला मी कधी घरातल्या शिडीवर चढू दिलं नाही.

म्हणून या धंद्यातले आम्ही सगळे साक्रीकडे जातो. धुळं ओलांडलं, पुढे डोंगराच्या अंगाला लागलं की पावसावरची शेती. दिवाळीनंतर तिथल्या पोरांना हातात काम नसतं. निम्मी गुजरातेत ऊस तोडायला जातात, उरलेली आठवड्याच्या बाजारात उभी असतात. मी तिथे चेहरे बघत नाही, पाय बघतो. अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकलेला असला की समजायचं, हा झाडावर वाढलाय. बैलबाजारात दात बघतात, तसंच आहे ते. वाईट वाटून घ्यायचं तर धंदा सोडावा.

असाच मला तो मिळाला. वय एकोणीस. अठराच्या आतला मी झाडाजवळ उभा करत नाही, एवढं एक पथ्य पाळतो. बाप सोबत होता. तो म्हणाला, पोरगा शाळेत रोज चुकायचा, झाडावर कधी चुकला नाही.

खोटं नव्हतं ते. हायवेच्या कडेच्या जुन्या बाभळींवर तो चढायला लागला की माझी खाली लाकूड फोडणारी दोन म्हातारी माणसं कुऱ्हाडी टेकवून बघत राहायची. फांदी कुठे पडेल ते तो आधी बोटाने दाखवायचा आणि ती तिथेच पडायची. बोलायचा कमी, हसायचा फार. माझ्या घरी जेवायला बसला की बायको त्याला आग्रह करकरून वाढायची आणि मला म्हणायची, याला टिकवा हो. मला तरी दुसरं काय हवं होतं? त्याला कटर मशीन शिकवायचं, नगरपालिकेची परवानगी कशी काढतात ते दाखवायचं आणि एक दिवस सगळं त्याच्या हवाली करून आपण ओट्यावर बसायचं, असं मी ठरवलंच होतं. तो टिकला तर माझं उरलेलं आयुष्य धड जाणार होतं, आणि त्याचंही.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. त्यांच्याकडे झाडावर कोणी कमरेला पट्टा बांधत नाही, दोर लावत नाही. मी सांगितलं, पट्टा नाही तर जेवण नाही. नाइलाजाने बांधायचा. झाडंही शिकवली मी त्याला. कडुनिंब मोडायच्या आधी करकरतो, बाभूळ चिरत चिरत जाते, पळायला वेळ देते. गुलमोहर बोलत नाही. मांडीएवढी फांदी असली तरी आतून पोचट असते आणि गपकन तुटते, तिच्यावर जीव टाकायचा नाही. तो मान डोलवायचा. पण त्याचं सगळं बालपण साग, अंजन आणि मोहाच्या झाडांवर गेलेलं. गुलमोहर त्याने बघितला होता तो शाळेच्या आवारात, फुलं यायची म्हणून. त्या झाडावर चढावं असं तिकडे कोणाला वाटलंच नसेल.

मेमध्ये एका कॉलनीतलं काम आलं. मारवाडी शेठजी, फरशीचे व्यापारी, माणूस भला. गुलमोहराची मोठी फांदी त्यांच्या गच्चीवरच्या सोलरवर झुकली होती. ती तुकड्यातुकड्याने काढायची, काचेला धक्का लागू द्यायचा नाही. शेठजी गॅलरीतून उंटावरून शेळ्या हाकत होते, जरा इकडून, जरा तिकडून. मी पोराला बजावलं, दोर खोडाला बांध, पाय खोडाजवळ ठेव, तिथूनच हाताने करवत चालव. त्याने तसंच केलं. बाजूचे दोन फाटे नीट उतरवले.

गच्चीवर गेलेल्या टोकापर्यंत दोर पुरेना. मी वर बघितलं तर त्याने दोर खोडावरून सोडला होता, फांदीलाच बांधला होता आणि तो फांदीवरून पुढे निघाला होता. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, मागे हो. त्याने खाली बघितलं आणि हसला.

"आबा, एवढी फांदीले आम्ही बैल बांधतस," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. अंजनाच्या तेवढ्या फांदीला बैल बांधला तरी काही होत नाही. इथे करकर नाही की चीर नाही. फांदी गेली आणि तिच्यासकट तो गेला. ती कंपाउंडच्या भिंतीवर आपटली. नुसताच असता तर कदाचित दुसऱ्या फांदीला हात घातला असता त्याने, माकडासारखा होता तो. पण कमरेला पट्टा होता आणि दोराने त्याला फांदीपासून सुटू दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, जीव वाचला, कमरेखालचं अंग आता हलणार नाही. पोरगा मला रोज विचारायचा, पायाला मुंग्या कधी येतील. मी म्हणायचो, येतील. शेठजी दोनदा येऊन गेले, डोळे पुसून गेले. कॉलनीतून मात्र फोन आला, उरलेलं झाड कधी तोडणार. मी उत्तर दिलं नाही, तर त्यांनी दुसरा माणूस लावून तोडून घेतलं.

मग एक दिवस त्याला गाडीत आडवा घालून मी त्याच्या गावी नेला. धुळ्यापर्यंत तो बोलत होता, साक्री गेल्यावर त्याने तोंडावर टॉवेल ओढून घेतला. मला वाटलं होतं, गाव मला मारील. खरं सांगतो, मारावं अशी माझी इच्छाच होती. दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण कोणी हात उचलला नाही. आम्ही त्याला उचलून अंगणातल्या खाटेवर ठेवलं. आईने त्याच्या पायांवरून हात फिरवला, आधी हळू, मग जोरात, आणि उठून माझ्यासाठी काळा चहा ठेवायला गेली. ती रडलीसुद्धा नाही. बाप खाटेच्या पायाशी बसून राहिला. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, झालं, धंदा बंद केला मी, आता एकही पोरगा झाडावर चढवणार नाही.

बापाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने दारात उभ्या असलेल्या धाकट्याला हाताने पुढे ओढलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, अठराचा झाला होता तो.

"भाऊ, आते याले लई जा," बाप म्हणाला. "हाऊ बी चढस."

त्याला घेऊन जायला मी नाही म्हणालो. परत परत नाही म्हणालो. बाप माझ्याशी वाद घालत बसला नाही. घरात आता खाटेवरचा एक आणि खाणारी पाच तोंडं, त्याला कुठे वाद घालायला सवड होती? त्याने धाकट्याला मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. पोराने चपला काढल्या आणि तो चढायला लागला. अंगणातले सगळे वर बघायला लागले. खाटेवरच्यानेही मान वळवली, आणि पाय कुठे ठेवायचा ते खालून त्याला सांगायला लागला.

मला बघायचं नव्हतं. पण जन्मभर हेच केलंय, मान आपोआप वर गेली. धाकटा भावापेक्षा चांगला चढत होता. तो खाली उतरेपर्यंत त्याला आधी कोणत्या झाडावर चढवायचा, ते मी मनात ठरवून मोकळा झालो होतो.